वाघजाईचा दुसरा कौल

लोणावळा, १८ नोव्हेंबर

रेणे,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टात आले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, साधं का स्पीड पोस्ट? म्हटलं, जे लवकर पोचेल ते द्या. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड, एवढी मेहेरबानी कर.

वाघजाईचा माळ जाणार आहे. खालच्या वळणावर पोकलेन येऊन उभं राहिलंय आणि संक्रांत झाली की काम सुरू. वर बंगले होणार, पवनेचं पाणी दिसणारे. कातळातली टाकी बुजणार, पायऱ्यांची जुनी वाट जाणार. वीरगळ म्हणे त्यांच्या बागेत मांडतील आणि त्यांच्यावर रंगीत दिवे सोडतील. देवीचा तांदळा तेवढा मानानं खाली आणू म्हणतात. आता तो नुसता दगडच राहिलाय ना, मग मान कसला?

हो, आपण स्कॅन केलेला माळ ज्यात दिसतो तो व्हीआरचा चष्मा गावातल्या देवळात मीच नेला. हो, सगळ्या गावासमोर मीच म्हणाले, की उद्या माळाला काही झालं तरी आई इथं आत सुरक्षित राहील. मला म्हणायचं होतं, चित्र राहील. लोकांनी ऐकलं, आई राहील. प्रदीप सरपंचानं ते वाक्य वरच्या वर झेललं आणि तुझ्या आबांना माळावर तांदळ्यासमोर कौलाला बसवलं. आई, चष्म्यात जायला राजी आहेस का? उजवी कळी पडली, म्हणजे हो. मग चष्मा पाटावर ठेवून, हळदकुंकू लावून, ढोल वाजवत डोंगरावरून खाली आणला. काचेत गुलाल गेला म्हणून मी हसत होते आणि तू एका बाजूला उभी राहून रडत होतीस. देवी उचलून आणलीस, म्हणालीस. मी तुला अडाणी म्हणाले. त्यानंतर आपण बोललोच नाही.

तुझं खरं होतं, घे. इतकी वर्षं खडकदऱ्याच्या लोकांनी माळ विकला नाही, तो वर देवी आहे म्हणून. आता वर कोणी नाही. सह्या करताना एकाचाही हात अडखळला नाही. मी पुण्याला पुरातत्त्वाच्या कचेरीत जाऊन आले. साहेब म्हणाले, जागा आमच्या यादीत नाही, ग्रामसभेचा ठराव आणा, मग बघू. ठराव कुठून आणू? गाव म्हणतं, आमचं दैवत आता माळावर न्हाईच.

एकच फट राहिलीय, म्हणून लिहितेय. गेल्या मंगळवारी केरबाच्या रतनबाईच्या अंगात आलं. देवळात चष्म्याची आरती चालली होती आणि ती एकदम ओरडायला लागली, "मला कोंडलंय रं! हितं वारा न्हाई, पाखरू न्हाई, कुनी येत न्हाई, कुनी जात न्हाई!" पाखरं आपणच पुसली होती, आठवतंय? गाई, गुराखी, वाऱ्यानं हललेलं गवत, फोटोत जे जे हललं ते आपण दोघींनी बसून पुसलं, मॉडेल स्वच्छ यावं म्हणून. रतनबाईनं चष्मा एकदाच घातला होता, पण तिला ते बरोबर कळलं.

गाव हादरलंय. दुसरा कौल लावायचा म्हणतात. कौल गुरवाच्याच घरानं लावायचा आणि तुमच्या घरात आबा आणि तू, दोघंच. आबा नको म्हणतात. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, पण ये.

शहिस्ता

लोणावळा, १ डिसेंबर

रेणुका,

पहिलं पत्र पोचल्याची पावती आली, तुझ्या सहीची. म्हणजे वाचलंस. वाचूनही गप्प बसतेस, कमाल आहे तुझी.

काल ग्रामसभा झाली. तुला हसू येईल, आलं तर येऊ दे. मी आपली भाबडेपणानं म्हणाले, चला वर, माळावर जाऊन तांदळ्याला कौल लावू. रखमाजी उठले. कानाला मफलर, हातात काठी, नेहमीसारखे अर्धे कलते उभे. म्हणाले, "आई जितं हाय तितंच इचाराय पायजे. वर आता कुनाला इचारतीस, धोंड्याला? आपुनच वाजतगाजत हितं आणली की तिला."

सगळ्यांनी माना डोलवल्या. त्यांच्या बाजूनं बघितलं तर म्हाताऱ्याचं बरोबर आहे, हेच तर माझं दुखणं आहे. म्हणजे कौल चष्म्यात लावायचा. कळ्या आत लावायच्या, पडायच्याही आतच.

"शहिस्ता, कळ्या जात्यात का आत?" प्रदीपनं विचारलं. म्हटलं, जातात. तगरीच्या कळ्या बनवून ठेवते, हातानं उचलून देवीच्या खांद्याला लावता येतील. लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी खरंच देवीच्या माहेरची आहे.

मग प्रश्न आला, लावणार कोण. आबा खांबाला टेकून बसले होते. "मला जमायचं न्हाई," एवढंच म्हणाले. रखमाजी म्हणाले, "कोंडाजी, मग तुझी रेणुका?" मागून कोणीतरी, "बाईमानूस कौल लावनार व्हय?" त्यावर रखमाजींनी काय सांगितलं ऐक. "दगडाला चालत न्हाई. मशीनला तसं कुटं काय हाय?" हशा झाला, पण ठरलं. लहानपणी तुला गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून मागे ओढायचे, ते हेच लोक.

प्रदीप सगळ्यांसमोर बोललाय. "डावी पडली, आय वर जातो म्हनली, तर माजा बाप आला तरी माळ इकनार न्हाई." उजवी पडली तर मात्र विषय संपला, पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही. मलाच उद्देशून होतं ते. ठीक आहे. कौल नेहमीसारखाच, सगळ्यांनी माना खाली घालायच्या, मानकऱ्यानं बघायचं आणि सांगायचं. पडद्यावर काही दाखवायचं नाही असं बजावलंय मला.

चार जानेवारीचा रविवार धरलाय. आबा बरे आहेत. तुला लिहितेय म्हटल्यावर म्हणाले, "तिला लिव, कोंबड्या चांगल्या हायेत." म्हणून लिहिलं.

शहिस्ता

लोणावळा, १० डिसेंबर

रेणे,

कोंबड्या नाहीत. दिवाळीच्या आधीच शालनवहिनीनं त्या स्वतःच्या खुराड्यात नेल्या, आबांना वेगळ्या सांभाळायला होईनात म्हणून. आबांना दिसत नाही, रेणे. दोन्ही डोळे गेले. काचबिंदू. पवनानगरच्या डॉक्टरनं पुण्याला पाठवलं, पुण्यात म्हणाले गेलेली नजर परत येणार नाही, उरलंय तेवढ्या उजेडासाठी थेंब घाला. आमच्या नसीरदादानं गाडीतून नेलं-आणलं. आबांनी मला वाघजाईची शपथ घातली होती, तुला कळवायचं नाही. "ती आपल्या पायावर हुबी ऱ्हायलीय, तिला वडू नगं." मागच्या पत्रात बरे आहेत असं लिहिलं ते त्या शपथेपोटी. आज मोडली. मला कोणाची भीती वाटायची शिल्लक राहिली नाही.

जेवणाचं चार घरं वाटून घेतात. सारिका सकाळचा चहा आणते, शालनवहिनी दुपारची भाकरी. गाव अजून तेवढं गाव आहे.

आता जे सांगायचं ते सांगते. घरात कोणी असेल तर हे पान बाजूला जाऊन वाच.

वर माळावर कळी का पडते? दगड किती ओला, वारा कुठला, कळी किती जड, ते ज्याचं त्याला ठाऊक. आत वारा नाही. आत कळी पडायची तर ती कशी पडायची हे कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. नाणं उडवल्यासारखं सोडून देता येईल, पडेल ती पडेल. नाहीतर प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहायची आणि डावीच पाडायची.

मी डावी पाडणार आहे.

तू दात-ओठ खाशील. खा. पाप लागेल म्हणशील. माझ्या घरचा देव वेगळा आहे, असं सोयीचं उत्तर मी तुला देणार नाही. तुमच्या जत्रेचा बोकड आमच्या घरानं बिस्मिल्ला म्हणून कापायचा आणि पहिला निवद तुमच्या घरानं दाखवायचा, हे आपण जन्मापासून बघितलंय. अब्बा त्या दिवशी आंघोळ केल्याशिवाय सुरी हातात घेत नसत. वाघजाई मला परकी नाही, म्हणूनच ही ओळ लिहायला बसते आणि उठते. पण टाक्याच्या काठावर ज्या माणसानं पाणी वाटसरूंसाठी म्हणून अक्षरं खोदली, त्याच्या बाजूनं बोलायला माझ्याशिवाय कोण आहे? तू आणि मी उन्हात पालथं पडून ती अक्षरं स्कॅन केली. ती सुरुंगानं उडवायची आणि मग मी लोकांना चष्मा घालून दाखवायची? असलं जतन मला नको. मॉडेल आधार म्हणून केलं होतं, बदली म्हणून नाही.

तुला खोटं बोलावं लागणार नाही. डावी पडलेली दिसेल, डावी म्हणायचं. खोटेपणा सगळा माझ्या नावावर राहू दे.

हात जोडते, ये. माझा इलाज संपलाय.

शहिस्ता

लोणावळा, २० डिसेंबर

रेणे, माझी बाय,

कार्ड आलं. "येते. आबांना आधी सांगू नकोस. बाकी काही लिहू नकोस." तुझं ते तिरकं अक्षर बघून मी दुकानात सगळ्यांसमोर रडले. आमची नसीम म्हणाली, आपा, कोण गेलं? म्हटलं, कोणी गेलं नाही, कोणीतरी येतंय.

बाकी काही लिहू नको म्हणालीस, तरी कामाचं लिहिते. नागपूरहून पुण्याला ये, तिथून लोकल धर, कामशेतला उतर, नसीरदादा जीप घेऊन उभा असेल. त्याला यातलं काही माहीत नाही. चष्मा घातलास की तू थेट तांदळ्यासमोर असशील, टाक्याकडे पाठ करून. कळ्या उजव्या हाताला तबकात आहेत. पाण्यात बुडवून लाव, नाहीतर चिकटणार नाहीत, तसंच केलंय मी. मग हात काढ आणि थांब.

शेंदराचा रंग जरा भडक आलाय. तो तेवढा आता सुधारत बसले आहे. वेड्यासारखं वाटतं, पण हातांना काहीतरी काम हवंय.

ये गं लवकर.

शहिस्ता

लोणावळा, ६ जानेवारी

रेणुका,

तू उजवी म्हणालीस.

दोन दिवस मी हेच वाक्य घेऊन फिरतेय. ती ओळ मी लिहिली होती. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कितीदा चालवून बघितली, दर वेळी डावी. सकाळी देवळात जायच्या आधी पुन्हा बघितली, डावी. दुसरं काही पडूच शकत नव्हतं. तुला डावी दिसली. तू चष्मा काढलास, नाकावर त्याचा लाल वळ उठला होता, केस विस्कटले होते. सगळ्यांच्या माना खाली होत्या. माझी नव्हती. मी तुझ्याकडे बघत होते आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "उजवी."

ढोल वाजला. प्रदीपनं नारळ फोडला. रतनबाई जमिनीला डोकं लावून रडायला लागली, कशासाठी ते तिचं तिलाच माहीत. आबांनी फक्त दोन्ही हात कपाळाला लावले.

आणि मी काय करणार होते? ओरडून सांगणार, ही खोटं बोलते, डावी पडली, मला माहीत आहे कारण मीच पाडली? तुला पक्कं ठाऊक होतं मी बोलू शकणार नाही. माझंच पाप माझ्या तोंडात कोंबून तू गेलीस. जीपपाशी मी तुझा दंड धरला तर काय म्हणालीस? "आबांचे थेंब संपत आले की मला कळव." माळाबद्दल एक शब्द नाही.

किती घेतलेस, असंसुद्धा माझ्या मनात आलं. लिहून टाकते, म्हणजे निघून जाईल. तुला विकत घ्यायला कोणी जन्मलेलं नाही हे मला माहीत आहे. मग का? देवी यंत्रानं बोलवली म्हणून माझ्यावर सूड? तसं असेल तर मला चार थोबाडीत मारायच्या होत्यास. डोंगरानं तुझं काय केलं होतं?

हे पत्र टाकीन की नाही माहीत नाही. टाकलं तर उत्तर देऊ नकोस. तुझं अक्षर मला बघायचं नाही.

शहिस्ता

खडकदरा, २ फेब्रुवारी

रेणे,

आज तुझ्याच घराच्या ओट्यावर बसून लिहितेय. आबा आत आडवे झालेत.

काम सुरू झालं. दुपारी सुरुंग उडतात, आधी भोंगा वाजतो. जुन्या वाटेचा वरचा भाग गेला. अक्षरांचं टाकं गेल्या आठवड्यात गेलं. मी तिथं उभी होते. मला कठड्यापाशी अडवलं, हेल्मेट नाही म्हणून. धूळ खाली बसली तेव्हा तिथं नुसती पांढरी भिंत होती, ताजी. मी रडलेसुद्धा नाही. रेणे, मला आता आत चष्म्यात जाववत नाही. तिथं ते टाकं जसंच्या तसं आहे, पाण्यावर ऊन पडलंय.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. काल शालनवहिनी बोलता बोलता बोलून गेली. कौलाच्या आदल्या दिवशी तू आलीस, तेव्हा ती आबांची भाकरी घेऊन आली होती. तिला वाटतं तिनं मोठा शहाणपणा केला. "मी रेणीला सरळ सांगितलं," म्हणाली. "डावी पडली आन्‌ आमचा माळाचा येव्हार मोडला, तर उद्यापासनं तुज्या बापाच्या तोंडात घास कोन घालतंय ते तूच बग. चारी घरांचा त्या माळात वाटा हाय. तू जाशील नागपूरला निगून." आणि वर म्हणते, "वाईट वाटून घेऊ नगं, आमची पन पोरं हायेत."

सारिकाचा चहा, शालनची भाकरी, मी तुला किती कौतुकानं लिहिलं होतं. गाव अजून गाव आहे म्हणून. तुला आबांना नागपूरला न्यायचं होतं, हेही कळलं. आबांनी उंबरा सोडायला नकार दिला, असं सारिका म्हणाली. म्हणजे तुझ्यापुढं एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे एक ताट होतं. तू बापाचं ताट उचललंस. मी तुझ्या जागी असते तर? मागच्या पत्रातलं सगळं मागे घेते. तुझ्यावर रागावलेली अजून आहे, ते राहू दे.

आज सकाळी थेंब घालायला आले. आबा खाटेवर बसले होते, तोंड डोंगराकडे करून. भोंगा झाला, सुरुंग उडाला, भांडी हलली. ते म्हणाले, "पोरी, तू मशीनवाली. तुला ठाव आसंल. रेणी खरं बोलली का त्या दिशी?"

माझ्या हातात ती बाटली. खरं सांगावं, तर देवीच्या नावानं पोरगी खोटं बोलली हे त्यांच्या जिवाला कायमचं लागलं असतं. आणि पुढं का म्हणून विचारलं असतं, तर त्यांच्याच भाकरीपर्यंत येऊन पोचलं असतं. ज्यानं आयुष्यभर दगडावरून पडलेलं जसंच्या तसं सांगितलं, त्याला मी हे सांगू?

"खरं बोलली, आबा," मी म्हटलं. "उजवीच पडली."

त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. मला वाटलं, बरं वाटलं असेल, पोर खरी निघाली म्हणून. मग हळूच म्हणाले, "मंजी आईलाच आमचा कंटाळा आला म्हनायचा."

मी थेंब घातले. डोळे मिटून पडून राहा म्हटलं. ते पडले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येतंय, आणि थेंब वाया गेले म्हणून मी पुन्हा घालतेय, पुन्हा येतंय.

त्यांना वाटतं, देवीनं त्यांना सोडलं. तिनं सोडलेलं नाही, रेणे. डावी मी लिहिली आणि उजवी तू बोललीस. तिला आपण दोघींनी विचारलंच नाही. हे आबांना कसं सांगायचं ते मला येत नाही. तू ये आणि सांग.

शहिस्ता